एकोणचाळीस वर्षं वाजवलेली पेटी सोडून नवी सेवा घ्यावी का? (कृपादान, कारभारीपण, पाचारण)

निशिगंध | ५ मे, रात्री १०.२०

सर्वांना सलाम आणि जय ख्रिस्त.

गेला महिनाभर एक गोष्ट मनात घोळते आहे. घरात बोलून झालं, प्रार्थना करून झाली, तरी उलगडा होत नाही. इथे वेगवेगळ्या मंडळ्यांतले आणि धर्मग्रामांतले लोक आहेत, म्हणून तुमच्यापुढे ठेवते.

माझं वय ५८. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, मार्चअखेर निवृत्त झाले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून आमच्या मंडळीत पायपेटी वाजवते आहे. त्याआधी वडील वाजवायचे. त्यांना लकवा झाला त्याच रविवारी मी पेटीवर बसले आणि तेव्हापासून उठलेच नाही म्हणा ना. नाईट ड्युटी करून सकाळी तशीच उपासनेला गेले आहे. बाळंतपणाची दोन महिन्यांची रजा सोडली तर मंडळीचं एकही लग्न, एकही मूठमाती, एकही नाताळ माझ्या पेटीशिवाय झालेला नाही.

ही पेटी जुनी आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मधल्या सप्तकातला कोमल गंधार दाबला की पट्टी खालीच राहते, सूर वाजतच राहतो. नखाने ती पट्टी अलगद उचलायची आणि ताल न चुकवता पुढचा सूर धरायचा, हे माझ्या हाताला इतकं बसलंय की आता कळतही नाही. भात्याच्या डाव्या पायट्याला जरा जास्त दाब लागतो. कापराच्या वड्या कुठे ठेवायच्या म्हणजे उंदीर चामडं कुरतडत नाहीत, कुठल्या भजनाला कुठली पट्टी घेतली म्हणजे म्हाताऱ्यांचा आवाज चढतो, हे सगळं माझ्याजवळ आहे.

ईस्टरनंतर आमचे पाळकसाहेब घरी आले. नवीन आहेत, वयाने माझ्या मुलाएवढे. चहा झाल्यावर म्हणाले, "ताई, दोन गोष्टी तुमच्याकडे मागायच्या आहेत. पेटी त्या अकरावीतल्या मुलीला शिकवा आणि जूनपासून तिला वाजवू द्या. आणि मंडळीतली जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्याकडे दर बुधवारी जाऊन वचन वाचायचं, प्रार्थना करायची, ही सेवा तुम्ही घ्या."

पहिली गोष्ट ऐकून घशात आवंढा आला. दुसरी ऐकून घाबरले. आजाऱ्यांची मला भीती नाही, आयुष्य त्यांच्यात गेलं. पण मी चारचौघांत मोठ्याने प्रार्थना कधीच केलेली नाही. महिला मंडळात पाळी आली की मी पेटी काढून बसायची, म्हणजे कुणी बोलायला सांगत नसे. माझी प्रार्थना बोटांतून होते, तोंडातून शब्द फुटत नाही.

देवाने मला जे दिलं ते मी इमानाने वापरलं असं मला वाटत होतं. मग जे येतं ते काढून घेऊन जे येत नाही ते हातात द्यायचं, हे पाचारण, म्हणजे देवाची हाक, कसं? आणि एक कबूल करते. ती मुलगी पेटीवर बसलेली डोळ्यांसमोर आणलं की मला राग येतो. तिचा काही दोष नसताना.

तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला असं आलं आहे का?

सीना_काठ | ५ मे, रात्री ११.५०

ताई, सलाम. मी निवृत्त पाळक आहे. ४१ वर्षं सेवा झाली, आता नातवंडांत आहे. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दाखला तुम्हाला पाठ असेल: धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पैसे सोपवतो, दोघे व्यापार करून ते वाढवतात, तिसरा नाही. आपल्या मराठी शास्त्रात (बायबलात) त्या तीन दासांना पाच हजार, दोन हजार आणि एक हजार रुपये दिले असं वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे तिसऱ्याला काहीतरी किरकोळ मिळालं होतं असं मनात बसतं. मूळ ग्रीक शब्द तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी आहे. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याच्या हातातही वीस वर्षांची मजुरी होती.

आता त्याने काय केलं ते बघा. उडवली नाही, जुगारात घातली नाही. जमिनीत पुरली. त्या काळी ज्यू लोकांत कुणाची ठेव राखायची तर जमिनीत पुरणं हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग मानत. पुरलेली ठेव चोरीला गेली तर राखणाऱ्यावर दोष येत नसे, असा त्यांच्या शास्त्र्यांचा निवाडाच आहे. म्हणजे हा माणूस निष्काळजी नव्हता, उलट फार जपणारा होता. आपल्या घरांत अशा माणसाचं कौतुक होतं. धनी परत आल्यावर तो जे म्हणतो त्यात एक शब्द आहे: "मी भ्यालो."

ताई, तुम्ही काही पुरून ठेवलं नाही. ३९ वर्षं व्यापार केलात आणि मंडळीला त्याचं व्याज मिळालं. पण ज्या जपणुकीने एक माणूस देवाची देणगी वापरतो, त्याच जपणुकीने तो ती मुठीत आवळायला लागतो. हे माझ्या बाबतीत झालं म्हणून लिहितो. पंचवीस वर्षं संदेश मीच दिला. मंडळीत दोन तरुण चांगलं बोलणारे होते, त्यांना मी वर्षातून एकदा, युवक रविवारी, दहा मिनिटं दिली. एक जण पुढे दुसऱ्या पंथात गेला. दुसऱ्याने बोलणंच सोडलं. मी वचनाची राखण करतो आहे असंच मला तेव्हा वाटत होतं.

कारभारी हा शब्द आपण देवळात फार वापरतो. पण गावातला कारभारी ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक असतं, वाडा आणि जमीन त्याच्या नावावर नसते. धनी म्हणाला की किल्ल्या द्यायच्या.

वसईवाडी | ६ मे, सकाळी ७.१५

निशिगंधताई, आमच्याकडे वसईत 'पाचारण' म्हटलं की लोकांना वाटतं फादर किंवा सिस्टर होणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते ६५) प्रापंचिकांनाही पाचारण आहे हे ठासून सांगितलं, पण ते मुरायला वेळ लागतो.

त्याच परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आला. माझे आजोबा गायकवृंदात लॅटिन गायचे. अर्थ पुरता कळत नसे पण सूर पक्के होते, ग्रेगोरियन चाली तोंडपाठ. मराठीत मिस्सा आल्यावर त्यांचं सगळं ज्ञान एका वर्षात निरुपयोगी झालं. आजी सांगायची, पहिले काही रविवार ते मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचे. मग एक दिवस वही घेऊन नवीन गाणी उतरवायला बसले. साठीच्या माणसाने चौथीतल्या मुलासारखी गाणी पाठ केली. मी लहान असताना त्यांच्याच तोंडून मराठी गीतं शिकलो. त्यांना लॅटिन येत होतं हे मला ते गेल्यावर कळलं.

आणि आपल्या भाषेतलं सगळ्यात मोठं उदाहरण तर फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचा माणूस, १५७९ मध्ये गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापून आलं. तेव्हा त्याचं वय पासष्टीच्या पुढे होतं. ज्या भाषेत तो जन्मला नाही तिच्यावर त्याने एवढा जीव लावला की आज चारशे वर्षांनी आपण त्याच्या ओव्या म्हणतो. येत नाही तिथे पाचारण नसतं, असं म्हणता येत नाही ना मग?

शेवंता | ६ मे, दुपारी १.०५

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

'देवाने तुला पाचारण केलं आहे' हे वाक्य मी माझ्या मंडळीत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की पाठीत कळ येते. मी शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत, सासूबाई आजारी. मंडळीने मला आधी संडे स्कूल दिलं. मग महिला मंडळाचा हिशेब. मग युवक संघाची 'ताई'. मग नाताळचं नाटक. पहिल्या फळांच्या उपासनेनंतरचा लिलाव असतो ना, त्याच्या भाज्या आणि कोंबड्या लावण्यापासून शेवटची पावती फाडेपर्यंत मीच. दर वेळी म्हणायचे, तुझ्यात कृपादान आहे, देवाने दिलेली देणगी आहे. खरं कारण एवढंच होतं की मी नाही म्हणत नव्हते. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी वर्गातच चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन सात सांगितलं.

मग वर्षभर मी कुठलीच सेवा घेतली नाही. लोक बोलले. पण त्या वर्षात निर्गमाचा अठरावा अध्याय मला नव्याने सापडला. इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सांगतो, तू करतोस ते बरं नाही, तू थकून जाशील आणि लोकही थकतील. मोशेपेक्षा मोठं पाचारण कुणाचं? तरी त्याला कामं वाटून द्यायला सांगितलं.

तेव्हा ताई, मी एकच विचारते. पाळकसाहेबांना खरोखर तुमच्यासाठी नवी सेवा दिसते आहे, की त्यांना पेटीच्या जागी कीबोर्ड आणायचा आहे आणि तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून बुधवारची भेट पुढे केली आहे? पाळकाने मागितलं म्हणजे देवानेच मागितलं असं होत नाही. पारखून घ्या. सरळ विचारा.

बार्शी_लाईट | ६ मे, रात्री ९.४०

शेवंताताईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या मंडळ्यांत बायकांच्या कृपादानावर फार ओझी घातली जातात.

तरी मला ताईंच्या प्रश्नावर जामखेड आठवतं. नगर जिल्ह्यातलंच म्हणून ताईंना अधिक ठाऊक असेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९७० मध्ये जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यांत ठेवून पाहिलं, ते जमेना. परक्या गावात एकट्या बाईने राहायचं कसं, आणि गावाने तिचं ऐकायचं का? मग गावानेच निवडून दिलेल्या बायका घ्यायचं ठरलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, मूल कुपोषित आहे हे कसं ओळखायचं, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. एक बाजू डॉक्टरांची. जे ज्ञान मिळवायला इतकी वर्षं घालवली, ज्याने समाजात मान मिळतो, ते त्यांनी अंगठा लावणाऱ्या बाईच्या हाती दिलं. दुसरी बाजू त्या बाईची. काल जिला गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ती आज पाटलाच्या सुनेचं बाळंतपण करते. तिला भीती वाटली नसेल? १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण जामखेडला जाऊन आलेला माणूस सांगतो ते त्या बायकांबद्दल.

ताई, तुम्ही एकाच वेळी दोन्ही जागी उभ्या आहात. पेटीच्या बाबतीत डॉक्टर, बुधवारच्या बाबतीत ती बाई.

काळी_चार | ७ मे, रात्री १२.३०

मी वयाने लहान आहे, २२ वर्षांचा. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

मी चौदा वर्षांचा असताना आमच्या मंडळीत एक काका पेटी वाजवायचे. फार सुंदर वाजवायचे, खोटं बोलणार नाही. मी उपासनेच्या आधी अर्धा तास जाऊन समोरच्या बाकावर बसायचो, त्यांची बोटं बघायला. घरी पाट घेऊन त्यावर खडूने पट्ट्या काढल्या होत्या, त्यावर बोटं फिरवायचो. एकदा काका बाहेर गेले असताना मी झाकण उघडून एक सूर दाबला. ते आत आले, झाकण लावलं, कुलूप घातलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ही खेळण्याची वस्तू नाही, बाळ."

मी पुढे मोबाईलवर बघून कीबोर्ड शिकलो आणि आता दुसऱ्या एका मंडळीत वाजवतो. तिथे सगळं गिटार आणि ड्रमवर असतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तिथे कुणाला येत नाहीत. काका मागच्या वर्षी वारले. त्यांच्या मूठमातीला पेटी वाजवणारं कुणी नव्हतं. मी गेलो होतो, पण कुलपाची किल्ली कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

मावशी, मी तुम्हाला मावशी म्हणतो. ती अकरावीतली मुलगी लवकर येऊन बसते का? बसत असेल तर तिला शिकवा. आणि एकदम जूनला उठून जाऊ नका. मे महिनाभर तिला शेजारी बसवा. तिने उजव्या हाताने चाल वाजवायची, तुम्ही डाव्या हाताने साथ करायची आणि भाता तुमच्या पायाखाली. पंधरा दिवसांनी भाता तिच्याकडे द्या. आधी भाता सांभाळता आला नाही तर सूर धक्के खातो आणि मूल घाबरतं.

पुण्याचा_पाऊस | ७ मे, सकाळी ८.५०

काळी_चार, तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या काकांनीही वाईट मनाने केलं नसेल रे.

मला सगळ्यांत दिलासा दिला तो बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाने. तिथे लेव्यांच्या, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्या वंशाच्या, सेवेचं वय दिलं आहे. पंचविसाव्या वर्षी सुरू, पन्नासाव्या वर्षी बंद. (चौथ्या अध्यायात तीसपासून म्हटलं आहे, तो वेगळा विषय.) निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) फळ्या, खांब, पडदे उचलून वाळवंटातून न्यायचे, हे जड काम पन्नाशीनंतर करायचं नाही. पण पुढे असंही म्हटलं आहे की पन्नाशीनंतर त्यांनी भाऊबंदांना मदत करावी. म्हणजे घरी बसा असं नाही, आणि अजून खांब उचला असंही नाही. देवाने स्वतः वय घालून दिलं, आणि वय झालेल्याला जागाही ठेवली. निवृत्त झाल्यावर 'माझा उपयोग संपला' या विचाराने मी फार खचलो होतो, तेव्हा हे तीन वचनांचं छोटं टोक मला पुरलं.

आणि बसालेल विसरू नका. निवासमंडपाचा कारागीर. देवाने त्याला सोनं, रुपं, पितळ, लाकूड, रत्नं यांतली कला दिली हे सगळे सांगतात. निर्गम ३५ मध्ये आणखी एक गोष्ट आहे: त्याच्या आणि अहलियाबाच्या मनात इतरांना शिकवण्याची बुद्धीही देवानेच घातली. कला आणि शिकवण्याची बुद्धी, दोन्ही एकाच दानात बांधून दिलेल्या.

निशिगंध | ९ मे, रात्री ९.३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. काय बोलू.

शेवंताताई, तुमचं ऐकून मी पाळकसाहेबांना सरळ विचारलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "कीबोर्ड आणायचा असता तर तसं सांगितलं असतं. ती मुलगी तीन महिने उपासनेच्या आधी येऊन तुमच्या मागच्या बाकावर बसते आहे. तुम्ही कधी मागे वळून पाहिलं नाही." काळी_चार, तू विचारलंस त्याचं हे उत्तर.

मी खरंच पाहिलं नव्हतं. पेटीला बसलं की पाठ मंडळीकडे असते.

बुधवारचं विचारलं तर म्हणाले, "मी गेलो की आजारी माणसं पाळक आले म्हणून उठून बसायची धडपड करतात. तुम्ही गेलात तर झोपून राहतील." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी भीती जात नाही. मोशे म्हणाला होता ना, मी बोलका नाही, माझी जीभ जड आहे. देवाने त्याला ऐंशीव्या वर्षी पाठवलं. पण त्याला बोलायला भाऊ अहरोन मिळाला होता.

सीना_काठ | १० मे, सकाळी ६.४०

ताई, आपल्याच मातीतल्या दोघी तुम्हाला आठवून देतो.

लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८. माहेरी शाळा नाही, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली. रेव्हरंड टिळकांनी पन्नाशी उलटल्यावर, १९१७ मध्ये, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरं राहिलं. ते पुरं कुणी केलं? मोठेपणी पाटीवर अक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी. आणि स्वतःच्या आठवणी, ज्यांच्यावाचून मराठी गद्याचं पान हलत नाही, त्या छापून यायला लागल्या १९३४ मध्ये, म्हणजे सहासष्टाव्या वर्षी. त्यांनी पंडिती भाषा आणायचा प्रयत्न केला नाही. घरात बोलत तसं लिहिलं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. संस्कृतात एवढी गती की १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. त्या बाईने दुष्काळातून उचललेल्या पोरींसाठी केडगावला 'मुक्ती' ही संस्था उभी केली. त्यांच्या अंगावरच्या जखमा, डोक्यातल्या उवा, उपासमार यांत हात घातला. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळं मुलीच चालवायच्या. आणि साध्या बाईलाही वाचता येईल असं मराठी शास्त्र हवं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढी संस्कृत येत असूनही भाषांतराची भाषा मुद्दाम सोपी ठेवली. ज्या विद्येने नाव मिळवलं तीच विद्या बाजूला ठेवून लिहायचं, हे किती अवघड गेलं असेल त्यांना. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. त्या दुःखातही काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या.

दोघींनाही येत होतं तेवढ्यावर थांबता आलं असतं.

शेवंता | १० मे, दुपारी २.१५

ताई, पाळकसाहेबांनी दिलेलं उत्तर वाचून माझी शंका फिटली. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

एक लहानशी अट मात्र घाला. बुधवारी दोनच घरं. पाच नाही. लोक पाच सांगतील.

मस्कतहून | ११ मे, पहाटे १.१०

इथे आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं शुक्रवारी एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमतो. पेटी नाही, पाळक नाही. पहिल्या शुक्रवारी कुणीच प्रार्थनेला तोंड उघडेना. शेवटी एका क्रेनचालक भावाने प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि सगळे मागून म्हणाले. त्या रात्री तेवढीच प्रार्थना झाली आणि तेवढी पुरली. ताई, शब्द सुचले नाहीत तर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आहेच. ती शिष्यांना शिकवावी लागली, म्हणजे त्यांनाही सुचत नव्हतं.

निशिगंध | ३० जून, रात्री १०.०५

दीड महिन्याने लिहिते आहे. कुणी वाट पाहिली असेल तर माफ करा.

काळी_चारने सांगितलं तसंच केलं. मे महिनाभर रोज संध्याकाळी पाच ते सहा. पहिल्या आठवड्यात मी तिच्याशी फार कडक वागले, हे आता लिहिताना वाईट वाटतं. एक दिवस ती म्हणाली, "ताई, तुमच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलंय." एवढी वर्षं मी रोग्यांची बोटं तपासली, माझं बोट कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्यातलं काहीतरी सैल झालं. पट्ट्या, चाली, भाता, कापराच्या वड्या, सगळं सांगितलं. म्हणजे मला वाटलं, सगळं सांगितलं.

जूनच्या तिसऱ्या रविवारी ती पहिल्यांदा एकटी बसली. आदल्या तीन दिवस पाऊस लागून होता. दुसऱ्या भजनाच्या दुसऱ्या कडव्यात कोमल गंधाराची पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही. सूर भोंग्यासारखा वाजत राहिला. मेमध्ये लाकूड कोरडं होतं, पट्टी कधी अडकली नाही, आणि ३९ पावसाळ्यांची ती सवय मी तिला सांगायची विसरले होते. मी तिसऱ्या बाकावर होते. उठायला झालेच होते. पण तिने पायटे थांबवले, केसातली पिन काढली आणि पट्टीखाली घालून ती उचलायला लागली. रडली नाही, मागे वळून पाहिलंही नाही.

त्या वेळात मंडळी गात राहिली. पेटीशिवाय. मागच्या बाकावरचे आजोबा थोडे पुढे, बायका थोड्या मागे, मुलं भलत्याच पट्टीत. ३९ वर्षं मी हे लोक गातात ते पेटीच्या आवाजाआडून ऐकत आले. पाठीमागून. त्यांच्यात बसून कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या शेजारची बाई दवाखान्यात माझ्याकडे इंजेक्शन घ्यायला यायची, ती इतकं गोड गाते हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या कडव्याला पेटी परत सुरू झाली.

आता बुधवारचं. शेवंताताईंची अट घातली, दोनच घरं. पहिलं घर एका ८४ वर्षांच्या आजींचं. खुब्याचं हाड मोडून आठ महिने अंथरुणात. मी गेले ती सिस्टर होऊनच गेले. पाठ बघितली, व्रण नव्हता पण कातडी लाल होती, सुनेला कूस कशी बदलायची ते दाखवलं. पायांची नखं फार वाढली होती, ती कोमट पाण्यात भिजवून कापली. मग आजी म्हणाल्या, "आता प्रार्थना कर."

मी हात धरून बसले. डोळे मिटले. प्रभूची प्रार्थनासुद्धा आठवेना, मस्कतच्या भाऊ. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग डोक्यावर हात पडला आणि आजींनीच सुरुवात केली. माझ्यासाठी. "प्रभू, हिच्या हातांनी माझ्या दोन्ही पोरींची लग्नं लागली. माझ्या मालकाला हिच्याच पेटीवर पोहोचवलं. आता हिचं तोंड उघड." शेवटचा आमेन मात्र मी मोठ्याने म्हणाले.

त्यानंतर तिथे दोन बुधवार गेले. प्रार्थना अजून आजीच करतात, मी शेवटचं एखादं वाक्य जोडते. काल निघताना त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी लूकचा पंधरावा अध्याय सगळा वाच, घाई करू नको, मला हरवलेल्या नाण्याचं फार आवडतं.

काळी_चार | ३० जून, रात्री ११.२०

मावशी, ती पट्टी काढून तिच्या बाजूचं लाकूड पॉलिश पेपरने अगदी थोडं घासायचं, म्हणजे पावसाळ्यात अडकणार नाही. मी येऊन करून देऊ का? नगरला यायला मला तीन तास लागतात. तिलाही दाखवतो, म्हणजे पुढच्या वर्षी तीच करेल.

निशिगंध | १ जुलै, सकाळी ६.१५

ये बाळा, नक्की ये. रविवारी उपासना साडेनऊला असते, जेवायला आमच्याकडेच. पेटीला कुलूप नाही.

मी आता भिंतीकडे तोंड करून लूक मोठ्याने वाचायचा सराव करते आहे. बत्तीस वचनं आहेत.